बुढाबाबाचं वळण

अकोला
१६ जानेवारी २०१८

चि. पियुष,

संक्रांत झाली. तिळगूळ पाकिटात घालणार होते, पण पोस्टात मुंग्या लागतील म्हणून राहू दिला. गोड बोलायची सक्ती तेवढी या एका पत्रापुरती पाळते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा जुना मार्ग.

तुझा पुण्याचा पत्ता कुठून मिळाला म्हणून दचकू नकोस. माझ्या शिवणक्लासच्या भिंतीला लागून इमरानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नेट स्वस्त झालं तसं त्याने मागच्या खोलीत दोन स्टिअरिंगं, पायाखाली पॅडल आणि समोर मोठे टीव्ही लावले. आता दुरुस्ती बाजूला राहिली आणि दिवसभर नुसती घरघर. माझ्या मुलींच्या सुया त्या आवाजाने इकडच्या तिकडे जातात. परवा त्याने भिंत ठोकली आणि ओरडला, "ताई, या बरं लवकर, तुमच्या परतवाड्याचा घाट आला टीव्हीत!"

मी गळ्यात टेप तशीच घेऊन गेले. बघते तर खरंच धारणीचा घाट. सागाची झाडं, मोडका कठडा, माकडं बसतात तो पूल. आणि त्यावर आपली काळीपिवळी जीप! डावा आरसा तडकलेला, बाबांनी लावलेली चिकटपट्टीसुद्धा तशीच, पुढच्या काचेला आईने बांधलेली काळी बाहुली, मागे 'खुशाल' असं वाकडं अक्षर. खाली बनवणाऱ्याचं नाव तुझं. इतक्या वर्षांत घरी एक ओळ लिहिली नाहीस, आणि इकडे झाड न झाड लिहून ठेवलंस. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि पोट्टे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा राग आला. पत्ता इमरानने त्या गेमवरच्या ओळखीतून काढून दिला.

गेममध्ये जगभरचे रस्ते आहेत म्हणतात, पण इथे सगळ्यांना तुझाच घाट हवा असतो. दर्यापूर, अंजनगाव, अकोटची पोरं एसटीने येऊन रांगेत बसतात. ब्राझीलचा कोणीतरी रोज खेळतो आणि आपल्या सेमाडोहचं नाव भलतंच काहीतरी घेतो. तुला अभिमान वाटत असेल. वाटू दे, मलाही वाटला.

आता घरचं. बाबांना काचबिंदू आहे. एक डोळा जवळजवळ गेला, दुसऱ्याने माणूस ओळखतात पण रस्ता नाही. जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. धाकटा भग्या ती मागतो आणि बाबा देत नाहीत. "घाटापाई एक लेक गेला, दुसरा नाई घालवत," म्हणतात. जीप चालव म्हणून तुझ्यामागे लागले नसते तर तू गेला नसतास, हे त्यांनी आता मनाशी पक्कं केलं आहे. भग्याला कोणी घाट शिकवला नाही म्हणून तो माझ्याकडे येऊन राहतो आणि इमरानच्या खोलीत तुझा घाट शिकतो. आजोबांचं भगवंत हे नाव लावलेलं पोरगं, पण देवाचं नाव घेईल तर शपथ.

एक गोष्ट मात्र तुझ्या घाटात राहिली. बुढाबाबाच्या वळणावर दगड आहे, त्यावर शेंदूर आहे, शेजारी हिरवी चादरही आहे. पण तिथे कोणी थांबत नाही. आपल्या लहानपणी बाबा तिथे इंजिन बंद करायचे, उतरून दगडावर बाटलीतलं पाणी घालायचे, आणि गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत आतलं कोणी खोकलंसुद्धा तरी डोळे वटारायचे. "बाबाले आवाज चालत नाई." तू कंटाळून माझ्या मांडीवर चिमटे काढायचास. शर्यतीत थांबणं बसत नाही, हे मला शिवणकाम करणारीलाही कळतं. आठवलं म्हणून लिहिलं.

तुझी,
आकांक्षाताई


अकोला
११ मार्च २०१८

चि. पियुष,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहायची थांबत नाही, तुला माहीत आहे मी कोणाची मुलगी आहे.

अमरावतीला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तुझ्या घाटाची स्पर्धा झाली. मैदानात पडदा, ढोल, फटाके. आपला भग्या पहिला आला. हेल्मेट आणि एवढा मोठा कप. पेपरात फोटो आला त्यात तो हेल्मेट घालून उभा आहे, म्हणून आईला तो भग्याच आहे हे पटवायला मला अर्धा तास लागला.

आता जे लिहिते ते ऐकून तूही हसशील, पण मला हसू येत नाही. यंदा बोंडअळीने कपाशी पार खाल्ली. दर्यापूरकडच्या लोकांनी उभ्या पिकात नांगर फिरवले. त्यांची पोरं शेत बटईने देऊन जीपच्या स्टँडवर उभी राहतात. आणि स्टँडवरचे मालक त्यांना काय विचारतात माहीत आहे? लायसन नंतर. आधी विचारतात, "घाटाचा टाइम किती तुहा?" मोबाईलवर गेममधला आकडा दाखवायचा. ज्याचा टाइम चांगला त्याला गाडी. धारणीच्या बाजारादिवशी जास्त फेऱ्या मारणारा हवा असतो ना सगळ्यांना.

भग्याच्या मागे तर तीन मालक लागले. शेवटी बाबा वैतागले. "परक्याची गाडी घेऊन मरण्यापेक्षा आपली घेऊन जाय." ताडपत्री निघाली. आईने नवीन बाहुली बांधली. बाबांनी एकच अट घातली, "बुढाबाबापाशी थांबजो. गाडी बंद करजो. पाणी घालजो." भग्याने त्यांच्या पायाला हात लावून हो म्हटलं.

हो म्हणताना तो माझ्याकडे बघत होता आणि ओठ दाबून हसत होता. तुझंही हसू तसंच होतं. म्हणून मला ते आवडलं नाही.

आकांक्षाताई


परतवाडा
२० मे २०१८

चि. पियुष,

हे पत्र नीट बसून वाच.

मामाच्या मुलीच्या लग्नाला मी धारणीला गेले. भग्याच्याच जीपमध्ये, पुढे बसून. मागे बाजाराची माणसं कोंबलेली, कोंबड्या, तेलाचे डबे, आणि चिखलदऱ्याकडचे एक म्हातारे कोरकू, बुधाजी नावाचे. बाबांचे जुने गिऱ्हाईक.

भग्या छान चालवतो, हे आधी कबूल करते. पण मला भीती वाटली ती त्याच्या हातांची. वळण दिसायच्या आत हात वळलेले असत. माझ्या क्लासमधल्या मुरलेल्या मुलीची कात्री जशी खडूच्या रेघेकडे न बघता चालते तसे. त्याचे डोळे रस्त्यावर नव्हतेच. मी म्हटलं, "भग्या, समोर बघ." तर म्हणे, "ताई, मले पाठ हाये. मी झोपीतही जाईन."

बुढाबाबाचं वळण आलं. मागून बुधाजी म्हणाले, "पोरा, बाबा आला." भग्याने गिअर टाकला आणि दगडाला घासून, आतल्या बाजूने गाडी घातली. तुझ्या गेममध्ये पोट्टे तेच ओरडतात, 'दगड दिसला का आतून दाब!' पलीकडून बांबूचा ट्रक चढत होता.

कसे वाचलो ते मला सांगता येणार नाही. आमचा तडकलेला आरसा ट्रकने नेला. एक बांबू माझ्या खिडकीतून आत येऊन बाहेर गेला, आणि माझ्या पदराला भोक पडलं. कोंबड्या ओरडत होत्या. बुधाजी खाली उतरले ते परत जीपमध्ये बसलेच नाहीत. पायी निघाले.

भग्याने घरी सांगितलं की आरसा फांदीने गेला. मी मान हलवली. बाबांना खरं सांगितलं तर ते जीप जाळतील, आणि भग्या दुसऱ्याच दिवशी परक्याची चालवायला लागेल.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, मले बुढाबाबाले जाऊन यायचं हाये. मी सोबत गेले. बाबा गाडीत, म्हणून भग्या मुकाट्याने थांबला. इंजिन बंद केलं. बाबा चाचपडत उतरले, दगडावर पाणी घातलं. आणि त्या शांततेत मला खालून आवाज आला. ट्रकचा. चढाला लागलेला, गिअर बदलणारा, अजून दिसत नसलेला. आम्ही उभे राहिलो, ट्रक वर आला, आमच्या बाजूने निघून गेला. मग बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "चाल."

पियुष, म्हणून थांबत होते रे सगळे! त्या वळणावर डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि ऐकायचं तर इंजिन बंद पाहिजे आणि माणसं गप्प पाहिजेत. कोण्या शहाण्याने कधीतरी तिथे देव बसवून ठेवला. मी हे बाबांना सांगितलं तर ते भडकले. "बाबाले काहून खोटं पाडून राहिली तू? तो आवाज बाबा ऐकवते." मी वाद घातला नाही. कोण ऐकवतं याने काय फरक पडतो!

मी भग्याला समजावलं. त्याने जांभई दिली. या पोरांना बाप सांगतो ते खोटं आणि गेममध्ये असतं ते खरं वाटतं. म्हणून तुला हात जोडते. तुझ्या घाटात त्या वळणावर थांबायला लाव. इंजिन बंद झाल्याशिवाय पुढचा रस्ताच उघडू नको. पोट्टे शिव्या देतील, देऊ दे. त्यांच्या हातांना सवय तू लावलीस, ती तूच मोडू शकतोस. भग्या एकटा नसतो त्या गाडीत.

आकांक्षाताई


अकोला
८ जुलै २०१८

चि. पियुष,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठ्ठी. 'ताई, तो गेम आहे. गाडी बंद करायला लावली तर कोणी खेळणार नाही. लोक दुसरा ट्रॅक घेतील. बघतो काय करता येतं.' तरी तुझं अक्षर बघून आईने ती चिठ्ठी देवघरात ठेवली. तिला वाचून दाखवताना मी 'सगळ्यांना नमस्कार' असं पदरचं जोडलं.

इकडे वाईट झालं आहे. बुढाबाबाचा दगड गेला. कोणाच्या तरी जीपने आतून घेताना उडवला आणि तो खाली नाल्यात पडला. कोणी कबूल होत नाही. स्टँडवर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. मी भग्याच्या जीपचा पुढचा बंपर बघितला. नवा रंग होता. विचारलं तर म्हणाला, "गंजला होता." त्यापुढे मी विचारलं नाही आणि तूही विचारू नकोस.

दगड होता तोवर निदान त्याला चुकवण्यापुरती तरी गाडी बाहेर राहत होती. आता आतली बाजू मोकळी झाली. सगळे तिथूनच कापतात.

आणि बाबा तिथे जाऊन बसायला लागलेत. मी चेष्टा करत नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने जातात, दगड होता त्याच जागेवर गोणपाट टाकून बसतात आणि संध्याकाळच्या बसने परत येतात. ऐकतात. खालून काही चढतंय असं वाटलं की उठून हात वर करतात. एसटीचे ड्रायव्हर त्यांना मानतात, थांबतात, पाणी देतात. जीपवाले पोट्टे हॉर्न वाजवून बाजूने काढतात. मी बाबांना म्हटलं, तुम्हाला दिसत नाही, कशाला जाता? तर म्हणे, "बाबाची जागा खाली ठेवता येत नाई पोरी. कोणी तं बसलं पायजे." आईने जेवण बंद करून बघितलं, तरी गेले.

भग्या तेवढा बाबांसमोर थांबतो. बाबा मला हे फुलून सांगतात. "भगवंता थांबते माह्यासाठी." पण बाबा त्याला आवाजाने ओळखतात, आणि मला माहीत आहे की बाबा जेवायला झाडाखाली गेलेले असले की तो थांबत नाही.

सोबत फोटो पाठवते आहे. धोतर, पांढरी टोपी, हात वर. बघ तुझा बाप. तुझ्याच घाटात बसला आहे. काय करायचं ते कर, पण लवकर कर.

आकांक्षाताई


अकोला
४ सप्टेंबर २०१८

पियुष,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे. तो उद्या सकाळी तुझ्या दारात येईल. त्याच्यासमोर वाच. तुझा फोन दुपारपासून बंद आहे, आणि गेमवर इमरानने पाठवलेला निरोप तू उघडलेला नाहीस.

गेल्या आठवड्यात तू नवा घाट पाठवलास. इमरानने भिंत ठोकली आणि मी पळत गेले. वळणावर दगडाच्या जागी बाबा. तेच धोतर, तीच टोपी, उजवा हात वर, अगदी अंगठा जरा वाकडा आहे तोसुद्धा तू सोडला नाहीस. मी स्टिअरिंगवर बसलेल्या पोराला बाजूला सारून पडद्याला हात लावला. खाली तुझी ओळ होती, 'इथे थांबा.' मला वाटलं, झालं. माझ्या भावाने बापाला ओळखलं. मी पेढे वाटले रे. आईला फोन करून सांगितलं, पियुषने बाबांना मान दिला म्हणून. ती रडली.

आणि तुझी ती दोन ओळींची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मिळाली. 'बाबांना कोणी उडवू नये म्हणून त्यांना धक्का लागत नाही असं केलंय. गाडी लागली तरी ते तसेच उभे राहतील.' मला ते वाचून किती बरं वाटलं होतं. आपल्या बापाला पोट्ट्यांनी खेळात पाडावं हे तुला बघवलं नसतं. मलाही नसतं.

आज दुपारी मी इमरानकडे गेले तर खोली गच्च भरलेली आणि सगळे ओरडून राहिलेले. "बुढ्यातून घाल! बुढ्यातून घाल!" मला आधी कळेना. मग बघितलं. दगड होता तेव्हा त्याला चुकवावं लागत होतं, आता चुकवायचं कारण राहिलं नाही. बाबांच्या अंगातून जाणारा रस्ता सगळ्यात जवळचा. गाडी त्यांच्या छातीतून धुरातून जावी तशी जाते आणि ते हात वर करून तसेच उभे. जुने सगळे टाइम मोडले. तुझ्या ब्राझीलवाल्यानेही तिथूनच घातली. आता मालक स्टँडवर टाइम विचारतात तो हाच.

सगळ्यात कमी टाइम कोणाचा, ते मी तुला सांगायला नको. तो स्टिअरिंगवर बसला होता. मी त्याची कॉलर धरून खुर्चीतून उठवलं. म्हटलं, भग्या, ते बाबा आहेत रे. तो हसला. "ताई, काई होत नाई त्याईले. पाह्य, उभेच हायेत." मी म्हटलं, आणि घाटात? तर म्हणे, "तिथं तं मी थांबतोच ना. बाबा दिसतीन ना मले. मी का आंधळा हाये?"

पियुष, तो खोटं बोलत नाही. त्याला दिसले तर तो थांबेल. पण त्याचे हात डोळ्यांच्या आधी वळतात हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. आणि या आठवडाभर तेच हात त्याच जागेवर, त्याच माणसातून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी घालून राहिलेत. मी मुलींना सांगते, चुकीची शिलाई एकदा हाताला बसली की उसवता येते कापडातून, हातातून नाही.

घाटात सध्या धुकं आहे. सकाळी दहा वाजेपर्यंत समोरचं झाड दिसत नाही असं एसटीवाले सांगतात. परवा धारणीचा बाजार. भग्या आत्ताच परतवाड्याला गेला, बाजाराच्या पहिल्या फेरीसाठी. मी त्याची किल्ली लपवली होती, त्याच्याकडे दुसरी होती. बाबांना फोन करून म्हटलं, परवा जाऊ नका, पाया पडते. ते म्हणाले, "धुकं हाये म्हणूनच तं जा लागते ना पोरी. लोकाईले दिसत नाई." मी पुढचं सांगितलं नाही. बापाला कसं सांगू, तुमच्या दोन्ही मुलांनी मिळून काय केलंय ते? मी उद्याच्या बसने परतवाड्याला निघते आहे. परवा त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसेन, किंवा जीपसमोर आडवी होईन, काय जमेल ते.

तू एवढंच कर. हे वाचलंस की आधी कॉम्प्युटरवर बस. गेममध्ये तू झाडं टणक केलीस, कठडा टणक केलास, दगडसुद्धा टणक होता. बाबा तेवढे पोकळ ठेवलेस. त्यांना हाडं दे. गाडी लागली की ते पडू दे. पोट्ट्यांना तो आवाज ऐकू येऊ दे, पडद्यावर दिसू दे, आणि त्यानंतर गाडी पुढे जाऊ देऊ नको. भग्या उद्या रात्री तिकडेसुद्धा झोपायच्या आधी मोबाईलवर एकदा खेळेल, तो खेळल्याशिवाय झोपत नाही. त्याच्या हातून ते एकदा तिथे, तुझ्याकडे होऊ दे.

बघवणार नाही, मला माहीत आहे. डोळे मिटून कर, पण उद्याच कर.

ताई